फोर बाय फोर आणि तुमचे गुडघे

प्रिय आई,

काल मी तुमच्याबद्दल दुसऱ्यांदा खोटं बोलले. पहिल्यांदा बोलले तेव्हा तुम्ही समोर उभ्या होतात, ऐकत होतात. काल तुम्ही नव्हतात, आणि तरी माझी जीभ तेच बोलली. म्हणून आज लिहायला बसले.

आज रविवार. तुमच्या लेकाची, प्रकाशची पहिली पाळी आहे. चारच्या सुमाराला कंपनीची बस त्याला तारापूरहून आणून नाक्यावर सोडेल. तन्वी मैत्रिणीकडे गेलीय. घरात मी एकटी, आणि भिंतीवरच्या फोटोत तुम्ही. प्रकाश घरात यायच्या आत मला ठरवायचंय, त्याला खरं सांगायचं की नाही. वर्ष होत आलं, आई, हे एक वाक्य मी पुढे ढकलतेय.

आधी कालचं सांगते. मामांचा निरोप आलाय. तुमचा भाऊ, बाळ्या. तुमच्या वर्षश्राद्धाला त्यांना आशागडला यायला जमणार नाही, डोंगर उतरवतच नाही आता त्यांना. म्हणाले, "ताईचा फोटो एक दिवस घरी आणा. आईच्या चुलीपुढं ठेवतो. येवढं करा." प्रकाश म्हणाला, "डांबरी रस्ता संपतो तिथपर्यंत जाऊ, कोणाच्या तरी हातून फोटो वर पाड्यावर पाठवू." कोणाच्या तरी हातून! मला ऐकवेना. मी म्हटलं, चल, ती मोठी गाडी पुन्हा एकदा बघून येऊ. डिझेलची, चारही चाकांनी ओढणारी. आपली छोटी देऊन टाकू.

तो आला, पण नाइलाजाने. त्याच शोरूममध्ये, हायवेवर. गाडी नव्या रंगाची, बाकी तीच. प्रकाश आत बसला, दार ओढून घेतलं, स्टिअरिंगवर हात ठेवले. मग नेहमीसारखं मोजमाप सुरू केलं. सात माणसं बसतील खरी, पण आपण राहिलो तीन. डिझेल गाडीला लांब पळवावं लागतं, चिंचणीच्या शाळेच्या फेऱ्यांनी तिचं काय होणार? स्टेशनच्या गल्लीत वळवणार कशी? मी प्रत्येकाला उत्तर देत होते. आणि मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता कोणासाठी घ्यायची, वैशू? आई असती तरी तिला चढता आलं नसतंच ना? आपण तेव्हा चूक नाही केली ना?"

अगदी लहान मुलासारखं विचारलं हो त्याने. त्याला फक्त 'नाही' ऐकायचं होतं. मी म्हटलं, "नाही रे, चूक कसली? त्यांचे गुडघे कुठे चांगले होते?"

तेच गुडघे, पुन्हा.

आई, ती गाडी पहिल्यांदा बघायला गेलो तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. गणपती नुकतेच बोळवले होते. पावसाची झोड चालूच होती. तुम्ही नवं लुगडं नेसून सकाळपासून ओटीवर तयार! आणि सोबत अर्धं पोतं तांदूळ. प्रकाश म्हणाला, "आई, गाडी बघायला जातोय, लग्नाला नाही." तर तुम्ही म्हणालात, "रिकामी गाडी कोणपण चढवील. वजन भरून बगू." हंसाबेनलाही धरून नेलंत, आणखी एक सीट भरायला. शेजारीण बिचारी घरचा स्वयंपाक टाकून आली.

त्या सेल्समनचे तुम्ही काय हाल केलेत! तो म्हणाला, "मावशी, चारही चाकांना ताकद जाते, ही रुततच नाही." तुम्ही म्हणालात, "रुतत नाय असं तर बैलपण बोलत नाय." मग खाली वाकून गाडीचं पोट आणि जमीन यांच्यामध्ये वीत घालून पाहिलीत. एक वीत आणि वर चार बोटं. तुमच्या माहेरच्या पाड्याच्या चढावर कुठला दगड केवढा आहे हे तुम्हाला पाठ होतं, तुम्ही मनातल्या मनात गाडी वर नेऊनही आलात. "जाईल," म्हणालात. "ओहोळपण पार करील. बाळ्याच्या अंगणात उभी करू." मी तुम्हाला इतकं हसताना आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

आणि मग तुम्ही चढायला गेलात.

नवी गाडी, म्हणून तुम्ही चपला काढल्यात. देवळाबाहेर काढाव्यात तशा, नीट जोडून, शोरूमच्या पायरीशी. गाडी अजून आपली नव्हती, तरी! तळवे ओले होते. गाडीची चढायची लोखंडी पायरी पावसाने ओली होती. तुम्ही पाऊल ठेवलंत आणि घसरलात. पडला नाहीत. सेल्समनने हात धरला, गुडघा जरा दारावर आपटला, एवढंच. तुम्ही हसलात, "मेलं बुळबुळीत," म्हणालात आणि दुसऱ्या झटक्यात वर चढून बसलात. टेस्ट ड्राइव्ह करून आलो, तुम्ही उतरलात, चपला घातल्यात.

मी पाहिलं होतं ना सगळं. अगदी जवळून. पाय ओल्या लोखंडावरून सरकला होता. गुडघ्याचा काही संबंध नव्हता. चपला असत्या पायात, तर घसरलाही नसतात.

पण घरी आल्यावर चहा गाळताना मी प्रकाशला म्हणाले, तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "गाडी छान आहे रे, पण आईंच्या गुडघ्यांना नाही झेपणार. आज पडल्याच असत्या. उद्या खरंच काही झालं म्हणजे?" आणि वर, "मला बाई भीती वाटते." काय काळजीवाहू सून! प्रकाशचा चेहरा उतरला. तुम्ही ओटीवरून आत बघितलंत.

का बोलले मी तसं? आज लिहून टाकते, लाज सोडून. मला ती छोटी गाडी हवी होती. पांढरी, गिअर नसलेली. चिंचणीच्या शाळेत रोज रिक्षा, मग बस, मग बोंबलाच्या टोपल्यांशेजारी उभं राहून प्रवास. अकरा वर्षं केला मी तो. मला माझ्या हाताने गाडी चालवत शाळेच्या फाटकातून आत जायचं होतं. मोठी आली असती तर ती प्रकाशची झाली असती, तुमची झाली असती, दर आठवड्याला तुमच्या माहेरी, तलासरीच्या डोंगरात गेली असती. माझ्या वाट्याला पुन्हा बसच. हे मी सरळ बोलले असते तर काय बिघडलं असतं? तुम्ही भांडला असतात. मी भांडले असते. काहीतरी मधला मार्ग निघाला असता. पण 'मला पाहिजे' म्हणायची मला लाज वाटली, आणि तुमचे गुडघे पुढे करायची नाही वाटली.

मग पितृपक्ष लागला. तुम्ही निर्धास्त झालात. पंधरा दिवस कोणी गाडी ठरवणार नाही, नवरात्रात बघू, असंच तुमच्या मनात. मला मात्र धीर नव्हता. मी प्रकाशच्या मागे लागले, "आपण गाडी थोडीच आणतोय? नुसतं नाव नोंदवायचं. दसऱ्याला मिळायला हवी तर आत्ताच नोंदवावं लागतं." शाळेच्या मधल्या सुट्टीत फोनवरून नोंदवली मी ती पांढरी गाडी. तुम्हाला सांगितलं नाही. पितृपक्षात केलं म्हणून ओरडाल, हे कारण मी स्वतःला दिलं. कारणं द्यायला मी कधीच कमी पडले नाही, आई.

घटस्थापनेच्या दिवशी तुम्ही माळ बांधून झाल्यावर स्वयंपाकघरात आलात. पदराला हात पुसत मला म्हणालात, "वैशाली, परत एकदा जाऊन बगू या का ती गाडी? आता बग तू मी कशी चढते." आणि मी पोळी उलटता उलटता म्हणाले, "आई, दुसरी बुक झाली."

तुम्ही "बरं" म्हणालात. नुसतं बरं.

'आता बघ मी कशी चढते' म्हणजे काय, हे मी विचारलंसुद्धा नाही. ते मला तुम्ही गेल्यानंतर दहाव्या दिवशी कळलं. हंसाबेन आल्या होत्या. रडत रडत सांगायला लागल्या की त्या पंधरा दिवसांत मी शाळेला निघाले की तुम्ही मागच्या दारी चिकूचा क्रेट पालथा घालायचात. त्यावर दुसरा. भिंतीला एक हात लावून चढायचं, उतरायचं. अनवाणी. दहादा, मग वीसदा. हंसाबेन कुंपणावरून ओरडायच्या, "अरे बेन, पडशील!" तर तुम्ही म्हणायचात, "सुनेला सांगू नको. तिला मी एकदम चढूनच दाखवणार हाय." हंसाबेनना वाटलं मला हे ऐकून बरं वाटेल. सासू किती हौशी होती ते. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले.

आणि मी त्या क्रेटवरून तुमच्यावर खेकसले होते! "मागच्या दारी क्रेट कोण पालथे घालून ठेवतं? रात्री पाय अडकेल कोणाचा तरी." तुम्ही मुकाट्याने उचलून ठेवलेत.

दसऱ्याला पांढरी गाडी दारात आली. झेंडूची माळ, लिंबू, नारळ, सगळं तुम्ही केलंत. बसताना पुन्हा चपला काढल्यात, पिशवीत घातल्यात. ती गाडी एवढी बुटकी, की बसताना तुम्हाला उलट खाली वाकावं लागलं. बसलात आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "बग, हिच्यात घसरायला नाय होत." तेव्हापासून मला प्रश्न पडलाय. तुम्हाला कळलं होतं ना? पाय का घसरला हे तुमच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार! मग का नाही बोललात? आमटीतल्या मिठावरून माझ्याशी दोन दोन दिवस अबोला धरणाऱ्या बाई तुम्ही! माझ्या भाकरीचा काठ जाड झाला तर हंसाबेनपर्यंत बातमी पोचवणाऱ्या! आणि इथे, जिथे भांडायचं होतं, तिथे गप्प बसलात. हा माझा तुमच्यावरचा राग आहे, आणि तो मी सोडणार नाही. एकदा म्हणायचं होतं, "वैशाली, खोटं बोलू नको." मी शरमेने मेले असते, पण तुम्ही तुमच्या आईच्या घरात गेला असतात.

त्यानंतरची दोन वर्षं. ती छोटी गाडी डांबराच्या टोकापर्यंत जायची, अंगणवाडीपाशी. पुढचा चढ म्हणजे पावसात लाल चिखल, उन्हाळ्यात दगड. गाडीचं पोट घासायचं. पाड्यावरची जुनी जीप आधीच भंगारात गेली होती. तासभर तो चढ चालणं काही तुमच्या वयाला शक्य नव्हतं. मग मामा काठी टेकत खाली यायचे आणि तुम्ही दोघं गाडीत बसायचात. मागच्या सीटवर, भाऊ-बहीण. भाऊबीज तिथे, राखी तिथे. मामींनी दिलेली शेवळांची रानभाजी, नागलीच्या भाकरी, सगळं त्या सीटवर उघडलं जायचं, आणि मी मागे वळून बघायचे तर सीटकव्हरला डाग पडतोय का ते बघायचे. देवा! तुम्ही मामांना विचारायचात, "चूल सारवली का? कोनाड्यात आईची फणी हाय ना अजून?" वरती तुमचं घर, तिथून त्याची कौलंसुद्धा दिसायची, आणि तुम्ही त्याची खुशाली विचारत होतात, एखादं माणूस दुखणाईत असावं तशी.

एकदा तन्वी म्हणाली, "आजी, तू वर का नाही जात?" तुम्ही म्हणालात, "माझे गुडघे दुखतात ना, बाय." माझ्याच शब्दांत. माझ्याकडे न बघता.

आणि मग गेल्या श्रावणातली ती सकाळ. झोपेतच गेलात. चहा घेऊन मी हाक मारत होते, आणि तुम्ही नव्हतातच. माहेरची साडी यायला हवी, त्याशिवाय बाईला उचलत नाहीत. प्रकाशने मामांना फोन केला आणि छोटी गाडी घेऊन डांबराच्या टोकाला जाऊन थांबला. इकडे अंगणात माणसं जमलेली. सगळे घड्याळाकडे बघायला लागले. "अजून किती वेळ?" "आपलीच साडी नेसवा ना." मी पहिल्यांदा कोणाचं ऐकलं नाही. म्हटलं, मामा येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

मामा आले तेव्हा ओळखू येत नव्हते हो. चढावर दोनदा पडले होते. केसांत चिखल, सदरा फाटलेला, एक पाय ओढत होते. आणि छातीशी धरलेली खताच्या पिशवीतली साडी. मामींची, कधी न नेसलेली, हिरवी. आतून कोरडी ठणठणीत! स्वतः माणूस चिखलात लोळून आला आणि साडीला थेंब लागू दिला नाही. तुमच्या पायाशी बसून म्हणाले, "ताई, मी आलू. उशीर झाला." तो पाय तेव्हा दुखावला तो अजून धड नाही. म्हणूनच त्यांना खाली येता येत नाही आता. त्यांच्या अंगणापर्यंत एक फोर बाय फोर गेली असती तर ते पंधरा मिनिटांत खाली आले असते, कोरडे, दोन्ही पायांवर.

बाराव्याला त्यांनी माझा हात धरला. सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई मला नेहमी सांगायची, माझी सून माझ्या गुडघ्यांना फुलासारखं जपते. लय पुण्याईची पोर हाय." बायकांनी माना हलवल्या. प्रकाशने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. आणि मी, आई, मी मान खाली घातली. त्यांना वाटलं विनयाने.

त्या दिवसापासून मी ते कौतुक अंगावर घालून फिरतेय. काढताही येत नाही आणि सहनही होत नाही.

*

पुढचं संध्याकाळी लिहितेय. मध्ये मी उठले होते. नाक्यावर बसचा हॉर्न वाजला, मग प्रकाशची पावलं. हातपाय धुवायच्या आधीच म्हणाला, "मी त्या सेल्समनला फोन करून टाकतो, नको म्हणून." फोन हातात होता.

मी म्हटलं, "थांब." आणि सांगितलं.

सगळं. ओलं लोखंड, चपला, चहा गाळताना बोललेलं वाक्य, क्रेट. मला वाटलं होतं मी हुंदके देऊन सांगेन. तसं नाही झालं. शाळेत चुकलेला हिशोब फळ्यावर पुन्हा मांडावा तसं कोरडं सांगितलं मी. तो उभाच होता. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं! त्याने एवढंच विचारलं, "आईला माहीत होतं?"

मी म्हटलं, "बहुतेक."

तो बाहेर गेला आणि छोट्या गाडीत जाऊन बसला, मागच्या सीटवर. काचा बंद. अजून तिथेच आहे. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. तो आत रडतोय की नुसता बसलाय ते काचेवरच्या उन्हामुळे दिसत नाही. चहा ठेवला होता, तो गार झाला. तो माझ्याशी कधी बोलेल मला माहीत नाही. ती मोठी गाडी घेईल की नाही, तेही माहीत नाही. तो हक्क आता त्याचा, मी त्यात तोंड घालणार नाही.

पण एक गोष्ट माझी आहे, ती मी तुम्हाला शब्द देऊन सांगते. श्रावणात तुमचा फोटो मी वर घेऊन जाणार. कोणाच्या तरी हातून नाही. मोठी गाडी आली तर तिच्यातून, नाही आली तर अंगणवाडीपासून पायी. चिखल असो, ओहोळाला पाणी असो, पडले तर पडले. तुमच्या आईच्या चुलीपुढे तुम्हाला ठेवीन. मग मामा नेहमीसारखं माझं कौतुक करायला लागतील, मामी ऐकत असतील, सगळा पाडा ऐकत असेल, आणि मी त्यांना मध्येच थांबवून म्हणेन,

"मामा, आईंना चढता येत होतं. मीच नाही म्हणाले."

तुमची सून,
वैशाली